बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये राहायला जाताना: आधी दरी ओळखा, मग घर शोधा

नोकरीचे पत्र येते आणि त्यावर गावाचे नाव असते ओबरकोखेन, वाल्डॉर्फ किंवा कुन्झेल्साऊ. ही नावे आधी कधी कानावर पडलेली नसतात, म्हणून नवा माणूस थेट श्टुटगार्टमध्ये घर शोधायला लागतो. दोन महिन्यांनी कळते की रोजचे जाणे-येणे तीन तासांचे आहे आणि भाडेही जास्त पडते आहे. जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या या राज्यात काम एका राजधानीत गोळा झालेले नाही. ते नद्यांच्या खोऱ्यांत आणि पठारावरच्या लहान गावांत विखुरलेले आहे. म्हणून इथे येण्याआधी नकाशावर घालवलेली एक संध्याकाळ पुढचे बरेच पैसे आणि त्रास वाचवते. शिक्षणासाठी येणाऱ्यांना आणि कामासाठी येणाऱ्यांना, दोघांनाही हे सारखेच लागू आहे.

पायरी १: नकाशा पाच पट्ट्यांत वाचा

राज्याचे क्षेत्रफळ ३५,७५१ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या नवव्या हिश्श्याहून थोडे जास्त. लोकसंख्या १ कोटी १० लाखांच्या पुढे. बाडेन आणि व्युर्टेंबर्ग हे जुने प्रदेश एकत्र करून २५ एप्रिल १९५२ रोजी हे राज्य बनले. दोन्हीकडच्या लोकांना आपापली ओळख अजून प्यारी आहे. कार्ल्सरुहे किंवा फ्रायबुर्गच्या माणसाला 'श्वाबियन', म्हणजे व्युर्टेंबर्गकडचा, म्हणू नका, तो बाडेनचा आहे. हे तिथे मनाला लागते.

पश्चिमेकडून सुरुवात करा. पहिला पट्टा ऱ्हाईन नदीच्या सपाट मैदानाचा: मानहाइम, हायडेलबर्ग, कार्ल्सरुहे, ओफेनबुर्ग, फ्रायबुर्ग. नदीपलीकडे दक्षिण भागात फ्रान्स आहे, उत्तरेकडे ऱ्हाईनलँड-फाल्झ हे दुसरे जर्मन राज्य. हा जर्मनीतला सर्वांत उबदार भागांपैकी एक, म्हणून इथे द्राक्षे आणि शतावरी पिकते. ए-५ महामार्ग आणि मुख्य लोहमार्ग याच मैदानातून उत्तर-दक्षिण धावतात, त्यामुळे या पट्ट्यातली गावे एकमेकांना चांगली जोडलेली आहेत.

दुसरा पट्टा ब्लॅक फॉरेस्टचा. सर्वांत उंच शिखर फेल्डबर्ग, १,४९३ मीटर. हा डोंगर आडवा असल्याने फ्रायबुर्ग ते श्टुटगार्ट हे अंतर नकाशावर दिसते त्याहून बरेच लांब पडते. जलद गाडीसुद्धा आधी मैदानातून उत्तरेला कार्ल्सरुहेपर्यंत जाते आणि मग पूर्वेला वळते.

तिसरा पट्टा नेकार नदीचा. ती फिलिंगन-श्वेनिंगनजवळ उगम पावते, ट्युबिंगन, एस्लिंगन, श्टुटगार्ट, हाइलब्रोन, हायडेलबर्ग अशी वळसे घेत जाते आणि मानहाइमला ऱ्हाईनला मिळते. राज्याचा बराचसा कारखानदारी कणा याच नदीच्या काठी आहे.

चौथा पट्टा श्वाबियन आल्ब हे चुनखडीचे पठार. इथे पाऊस पडतो, पण पाणी खडकात मुरून जाते. डॅन्यूबसुद्धा इमेंडिंगनजवळ उन्हाळ्यात कोरडी पडते, तिचे पाणी जमिनीखालून ऱ्हाईनच्या खोऱ्यात निघून जाते. या भागाला आणि श्टुटगार्टलाही बोडेनझे सरोवराच्या काठावरच्या झिप्लिंगन इथून नळाने पिण्याचे पाणी येते. पठारावर हिवाळा कडक असतो. त्याच दिवशी फ्रायबुर्गमध्ये पाऊस आणि आल्बवर बर्फ, असे सर्रास होते. पठारावर नोकरी असेल तर गाडीला हिवाळी टायर आणि सकाळी काच खरवडायला दहा मिनिटे धरूनच चला.

पाचवा पट्टा डॅन्यूबच्या दक्षिणेला बोडेनझेपर्यंतचा. उल्म, राफेन्सबुर्ग, फ्रीड्रिशहाफेन, कोन्स्टान्झ. सरोवर ५३६ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याचा किनारा जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यात वाटलेला आहे. फ्रीड्रिशहाफेन आणि कोन्स्टान्झ समोरासमोर दिसतात, पण मध्ये पाणी आहे. एका गावात नोकरी आणि दुसऱ्यात घर हा बेत रोजच्या बोटीवर अवलंबून राहील.

आता कागदावर ए-५, ए-८ आणि ए-८१ या तीन रेषा काढा. ए-८ कार्ल्सरुहेहून श्टुटगार्ट आणि उल्ममार्गे म्युनिककडे जातो. ए-८१ हाइलब्रोनहून श्टुटगार्टमार्गे दक्षिणेला झिंगनपर्यंत. तुमच्या नोकरीचे गाव या रेषांच्या आणि रेल्वेच्या किती जवळ आहे, हा पहिला प्रश्न.

पायरी २: कारखाने खेड्यांत का आहेत हे समजून घ्या

हे समजले की नोकरी शोधण्याची पद्धतच बदलते. व्युर्टेंबर्गच्या मोठ्या भागात वडिलांची जमीन सर्व मुलांत समान वाटली जाई. पिढ्यानुपिढ्या तुकडे लहान होत गेले आणि नुसत्या शेतीवर पोट भरेना. मग हिवाळ्यात घराघरांत घड्याळे, विणकाम, कातकाम, सुऱ्या-कात्र्या असे जोडधंदे वाढले. कोळसा जवळपास नव्हता, त्यामुळे अवजड लोखंडाऐवजी बारीक, अचूक कामाची सवय लागली. १८१६ चे पीक बुडाल्यावर दुष्काळ पडला. त्यानंतर राजा पहिला विल्हेल्म याने १८१८ मध्ये होहेनहाइमची शेतीशाळा काढली. पुढे फर्डिनांड श्टाइनबाइस याने कारागिरांना प्रशिक्षण आणि नवी यंत्रे पुरवण्याचे सरकारी धोरण चालवले.

त्याची फळे आज नकाशावर दिसतात. टुटलिंगनमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणाऱ्या शेकडो लहान-मोठ्या कंपन्या आहेत. फोर्झहाइम दागिन्यांचे आणि घड्याळांचे. ओबरकोखेनला झाइसची भिंगे, हाइडेनहाइमला फोइटची यंत्रे, विनेंडेनला केर्शर, वाइब्लिंगनला श्टील, डिट्झिंगनला लेझरयंत्रांची ट्रुम्फ, कुन्झेल्साऊला स्क्रू आणि जोडसामानाची व्युर्थ. अशा कंपन्या जगभर विकतात, पण त्यांचे मुख्यालय लहान किंवा मध्यम गावात असते. नोकरीच्या संकेतस्थळावर नुसते 'श्टुटगार्ट' टाकून शोधले तर यातल्या बऱ्याच दिसणारही नाहीत. शहराऐवजी जिल्ह्याच्या नावाने शोधा: ओस्टाल्बक्राइस, होहेनलोहेक्राइस, रेम्स-मुर-क्राइस, बोडेनझेक्राइस. राज्यात असे ३५ ग्रामीण जिल्हे आणि ९ स्वतंत्र शहरे आहेत.

मोटार हा या राज्याचा सर्वांत मोठा धंदा. कार्ल बेंझने मानहाइममध्ये आपल्या गाडीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजी नोंदवले. दोन वर्षांनी त्याची बायको बर्था बेंझ त्या गाडीची सुधारलेली आवृत्ती घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली आणि वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतले. बॉशही १८८६ चीच. आज मर्सिडीज उंटरट्युर्कहाइम आणि झिंडेलफिंगनला, पोर्शे झुफेनहाउझेनला, आउडी नेकारझुल्मला, मोटारींचे सुटे भाग बनवणारी झेडएफ फ्रीड्रिशहाफेनला आणि बॉशचे मुख्यालय गेरलिंगनला आहे. चाकणचा मर्सिडीजचा आणि नाशिकचा बॉशचा कारखाना यांच्याशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांच्या ही नावे ओळखीची असतील. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग यांची भागीदारी २०१५ ची, आणि कुशल मनुष्यबळाबाबत दोन राज्यांत २०२४ मध्ये करार झाला.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोटारधंदा सध्या कठीण वळणावर आहे. विजेच्या गाडीला इंजिन, गिअरबॉक्स, इंधनपंप लागत नाही आणि नेमके हेच भाग बनवण्यात या राज्याची हयात गेली. झेडएफने २०२४ मध्ये जर्मनीतली १४,००० पर्यंत पदे कमी करण्याचे जाहीर केले, बॉशने २०२५ मध्ये आणखी सुमारे १३,००० पदांची कपात जाहीर केली. म्हणून पत्र हातात आल्यावर विचारा: माझा विभाग कोणत्या उत्पादनासाठी काम करतो? डिझेल इंजेक्शनच्या विभागातली जागा आणि बॅटरी-नियंत्रण किंवा वैद्यकीय उपकरणांच्या विभागातली जागा यांचे भवितव्य सारखे नाही, पगार सारखा असला तरी.

दुसरा प्रश्न: नोकरी थेट त्या कंपनीत की अभियांत्रिकी सेवा पुरवणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत? थेट असेल आणि कंपनी धातू व विद्युत उद्योगाच्या सामूहिक वेतनकराराखाली असेल, तर आठवड्याला ३५ तासांचा मूळ करार आणि १७ श्रेणींचे वेतनकोष्टक लागू होते. तुमची श्रेणी पत्रावर लिहिलेली हवी. मध्यस्थ कंपनीत बहुधा ४० तास आणि कमी पगार असतो, शिवाय प्रकल्प संपला की गाव बदलावे लागू शकते. पहिले सहा महिने सहसा परीविक्षेचे असतात आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी जाऊ शकते. तोपर्यंत मोठे कर्ज काढू नका आणि महागडे फर्निचर घेऊ नका.

पायरी ३: शहर निवडा

श्टुटगार्टची वस्ती सुमारे ६ लाख. शहर टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट भागात आहे, वर चढायला चारशेहून जास्त जिने आहेत. खालच्या भागात उन्हाळ्यात हवा कोंडते, वरच्या भागात भाडे चढते. इथे घर निवडताना चौकशी एकाच गोष्टीची करा: माझी कंपनी कोणत्या एस-बान (शहर आणि उपनगरे जोडणारी लोकल रेल्वे) मार्गावर आहे?

एस-१ वर एस्लिंगन, मर्सिडीजचा नेकारकाठचा परिसर, ब्योब्लिंगन आणि हेरेनबर्ग. एस-२ आणि एस-३ दोन्ही विमानतळाला जातात आणि दुसऱ्या बाजूला वाइब्लिंगनला. पुढे एस-२ शोर्नडॉर्फला, एस-३ विनेंडेनमार्गे बाकनांगला. एस-४ आणि एस-५ लुडविग्सबुर्गकडे. एस-६ वर पोर्शे, डिट्झिंगन, लिओनबर्ग आणि बॉशचे संशोधन केंद्र असलेले रेनिंगन. गेरलिंगनला एस-बान नाही, यू-६ ही शहरी रेल्वे जाते. आब्श्टाटमध्ये बॉशचे मोठे केंद्र आहे, पण गावात रेल्वेच नाही. तिथे काम असेल तर हाइलब्रोनच्या बाजूला, बस नीट पाहून घर घ्या.

घर त्याच मार्गावर, शहराच्या बाहेरच्या बाजूला घेतले तर भाडे कमी पडते आणि गाडी बदलावी लागत नाही. जवळजवळ सर्व एस-बान मार्ग मुख्य स्थानकाखालच्या एकाच बोगद्यातून जातात. तिथे एक गाडी अडली की सगळे वेळापत्रक कोलमडते. शिवाय २०१० पासून चाललेल्या 'श्टुटगार्ट २१' या भूमिगत स्थानकाच्या कामामुळे उन्हाळ्यात मार्ग काही आठवडे बंद राहण्याचे प्रसंग येतात. कामाला जाताना बोगदा ओलांडावा लागणार नाही असे घर मिळाले, तर थोडे जास्त भाडे दिलेले परवडते.

मानहाइम, हायडेलबर्ग आणि ऱ्हाईनपलीकडचे लुडविग्सहाफेन ही एकाच विणीतली शहरे. मानहाइमला औषधांची रोश आणि मोठे नदीबंदर, वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरची एसएपी, लुडविग्सहाफेनला रसायनांची बीएएसएफ. मात्र लुडविग्सहाफेन दुसऱ्या राज्यात येते, तिथली सरकारी कार्यालये वेगळी. मानहाइमच्या मध्यभागी रस्त्यांना नावे नाहीत, चौकोनांना अक्षर आणि आकडा आहे. पत्त्यात रस्त्याऐवजी 'ई ५' असे दिसले तर ते अर्धवट वाटेल, पण ते बरोबर आहे, पुढे फक्त घराचा क्रमांक येतो. वाल्डॉर्फला जाणाऱ्यांनी वीसलोख-वाल्डॉर्फ हे स्थानक लक्षात ठेवावे. ते हायडेलबर्ग ते कार्ल्सरुहे या मार्गावर आहे आणि पुढे कंपनीपर्यंत बस असते. म्हणून वाल्डॉर्फसाठी हायडेलबर्गचाच हट्ट नको, ब्रुखझालसुद्धा सोयीचे आणि बहुधा स्वस्त. हायडेलबर्गचे विद्यापीठ १३८६ चे, आजच्या जर्मनीतले सर्वांत जुने. तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत ग्युंथर सोन्थायमर यांनी खंडोबा आणि धनगरांच्या परंपरांवर जे काम केले, ते मराठी अभ्यासकांना आजही मोलाचे आहे.

कार्ल्सरुहे १७१५ मध्ये राजवाड्याभोवती पंख्यासारखे वसवलेले. जर्मनीचे घटनात्मक न्यायालय इथेच, आणि केआयटी हे तंत्रविद्यापीठही. इथली ट्राम शहरातल्या रुळांवरून थेट मुख्य रेल्वेच्या रुळांवर जाते. ही पद्धत १९९२ मध्ये इथूनच सुरू झाली. त्याचा फायदा असा की २५-३० किलोमीटरवरच्या गावात राहूनही गाडी न बदलता बाजारपेठेत उतरता येते. सपाट शहर असल्याने सायकल पुरते. संगणकक्षेत्रातल्या नव्या माणसाला या राज्यातले सर्वांत सोपे शहर हेच, असे आमचे मत आहे.

फ्रायबुर्ग सुंदर, उन्हाचे, विद्यार्थ्यांचे. सौरऊर्जेच्या संशोधनाची मोठी संस्था, फ्राउनहोफर आयएसई, इथे आहे. पण कारखाने कमी आणि घरांची टंचाई तीव्र. विद्यापीठात जागा मिळाली की त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहासाठी अर्ज टाका. ट्युबिंगनचेही तसेच.

उल्म आणि नॉय-उल्म यांच्यामधून डॅन्यूब वाहते आणि तीच राज्याची सीमा आहे. नॉय-उल्म बव्हेरियात. १५ ऑगस्टला पूल ओलांडला की तिकडे ख्रिस्ती सणाची सुट्टी, इकडे कामाचा दिवस. वेंडलिंगन ते उल्म हा जलद लोहमार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून श्टुटगार्टहून उल्म बरेच जवळ आले आहे.

हाइलब्रोनकडे नवे लोक फारसे पाहत नाहीत. लिडल आणि काउफलांड या दुकानसाखळ्यांची मालक असलेली श्वार्झ समूहाची कंपनी शेजारच्या नेकारझुल्मची आहे. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाची शाखाही हाइलब्रोनला आहे. संगणक आणि व्यवसाय व्यवस्थापन शिकलेल्यांनी हे नाव यादीत ठेवावे.

ओबरकोखेनसाठी आलेन किंवा हाइडेनहाइम बघा, तिन्ही गावे एकाच लोहमार्गावर आहेत. टुटलिंगन श्टुटगार्ट-झिंगन मार्गावर. कुन्झेल्साऊला प्रवासी रेल्वे नाही, तिथे गाडीवाचून हाल होतात. कोन्स्टान्झ आणि ल्योराखला राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: स्वित्झर्लंड चालत गाठता येण्याइतके जवळ असले तरी जर्मनीचा निवास परवाना तिथे काम करायला चालत नाही. फिरायला जातानाही पासपोर्ट आणि निवास कार्ड दोन्ही बरोबर हवे.

पायरी ४: भारतातून निघण्याआधी

महाराष्ट्र आणि गोव्याच्या लोकांचा व्हिसा अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जातो. विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचा दाखला, लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाची वाट न बघता आधी अर्ज करा. बँकेत गोठवलेल्या खात्यात वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, दाखवावे लागतात. या रकमेत श्टुटगार्ट किंवा फ्रायबुर्गमध्ये खासगी घर घेऊन राहणे कठीण, वसतिगृह मिळाले तर निभते.

या राज्याची खास बाब: युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सरकारी विद्यापीठात प्रत्येक सत्राला १,५०० युरो शुल्क आहे, २०१७ च्या हिवाळी सत्रापासून. पीएचडीला ते नाही. शेजारच्या हेसेनमध्ये किंवा ऱ्हाईनलँड-फाल्झमध्ये असे सरसकट शुल्क नाही. चार सत्रांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ६,००० युरो अधिक सत्राची वर्गणी, हा हिशेब प्रवेश घेण्याआधी घरी बसून करा. शिकताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते.

नोकरीवाल्यांना ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षितांच्या निवास परवान्यासाठी, वार्षिक पगाराची किमान मर्यादा आहे, २०२६ साठी ५०,७०० युरो. नुकतीच पदवी घेतलेल्यांना आणि टंचाईच्या व्यवसायांना ती कमी आहे. मर्यादा दरवर्षी जानेवारीत बदलते. डिसेंबरात केलेला करार जानेवारीत तोकडा पडू शकतो, म्हणून पगार अगदी मर्यादेवर ठेवून घेऊ नका.

सामानात लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा मूळ दाखला, लसीकरणाच्या नोंदी, पदव्या आणि जुन्या नोकऱ्यांची अनुभवपत्रे हवीत. फक्त मराठीत असलेला दाखला तिथे चालत नाही. जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे लागते. मुंबई-पुण्यातल्या साध्या नोटरीचे भाषांतर परत येते.

पायरी ५: घर

जाहिरातीत '३ खोल्या' म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून तीन, आपल्याकडचा टू बीएचके. भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसते भाडे. वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा वगैरे मिळवून. वीज आणि इंटरनेट बहुधा त्यातही नसते. तुलना नेहमी वार्ममीटेची करा. स्वयंपाकघर रिकामे असू शकते, नळाची जोडणी सोडून काहीही नाही. ओटा, शेगडी, सिंक आपले आपण आणायचे. जाहिरातीत 'आइनबाउक्युखे' लिहिले असेल तरच ते तयार मिळते.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचे काल्टमीटे आणि ती तीन समान हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. घर न बघता, करार न करता, किल्ली टपालाने पाठवतो म्हणणाऱ्याला एक युरोही देऊ नका. नव्या माणसांची सर्वांत जास्त फसवणूक याच रीतीने होते. घर बघायला जाताना पासपोर्टची प्रत, नोकरीचा करार, पगारपत्रके असतील तर तीन, आणि स्वतःची माहिती भरलेला अर्ज एकाच पाकिटात तयार ठेवा. पतनोंद म्हणून शूफाचा दाखला मागतात. नव्याने आलेल्याची नोंद नसते, तेव्हा कंपनीचे पत्र पुढे करा.

सुरुवातीला महिनाभर तात्पुरती खोली घेतली तर मालकाला आधीच विचारा: पत्ता नोंदवण्यासाठी राहत्या घराचा दाखला देणार का? तो नाही म्हणाला तर खोली कितीही स्वस्त असली तरी सोडा, कारण पुढची सगळी कामे त्या कागदावर अडतात.

घराचा ताबा घेताना मीटरचे आकडे, भिंतीवरचे डाग, तुटलेली फरशी हे सगळे हस्तांतरणाच्या कागदावर लिहून सही घ्या आणि फोटो काढा. विजेचा करार केला नाही तरी दिवे लागतात, पण स्थानिक मूळ पुरवठादाराचा दर सहसा महाग असतो. तो दोन आठवड्यांच्या सूचनेवर बदलता येतो.

आणि हवा. आपल्या स्वयंपाकात वाफ जास्त: भात, कुकर, फोडणी. हिवाळ्यात खिडक्या बंद ठेवल्या की ती वाफ थंड भिंतीवर बसते, कोपऱ्यात काळी बुरशी येते आणि घर सोडताना अनामतीतून पैसे कापले जातात. दिवसातून तीन-चार वेळा पाच ते दहा मिनिटे खिडक्या सताड उघडा, त्या वेळी हीटर बंद. खिडकी तासन्‌तास थोडीशी तिरकी उघडी ठेवण्याने भिंत थंड पडते आणि बुरशी उलट वाढते.

पायरी ६: पहिले दोन आठवडे, याच क्रमाने

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, महापालिकेच्या नागरिक कार्यालयात. पासपोर्ट आणि मालकाचा दाखला न्या. मोठ्या शहरांत भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून भारतातूनच ऑनलाइन वेळ घेऊन ठेवा. अर्जात धर्माचा रकाना असतो. कर घेणाऱ्या नोंदणीकृत चर्चचे सदस्य असाल तर या राज्यात आयकराच्या ८ टक्के चर्चकर कापला जातो, इतरांना तो नाही.

त्याच दिवशी टपालपेटीवर आणि घंटीवर आपले आडनाव लावा. हे क्षुल्लक वाटते, पण नाव नसेल तर टपालवाला पत्र परत नेतो. कर क्रमांक, बँकेचे कार्ड, विम्याचे कार्ड आणि परवान्याच्या भेटीची सूचना, सगळे टपालाने येते. करारावर आणि पासपोर्टवर नाव जसे आहे तसेच पेटीवर हवे. पती-पत्नीची आडनावे वेगळी असतील तर दोन्ही लावा.

कर क्रमांक साधारण दोन-तीन आठवड्यांत येतो. तो कंपनीला दिला नाही तर पगारातून सर्वांत जड वर्गाने कर कापला जाऊ शकतो. पुढे परत मिळतो, पण पहिला महिना कडकीत जातो. जोडीदार बरोबर असेल तर लग्नाच्या दाखल्याचे भाषांतर नोंदणीच्या वेळीच दाखवा, म्हणजे करवर्ग बरोबर लागतो.

मग बँक, आरोग्य विमा, आणि परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज. व्हिसा संपण्याच्या दोन-तीन महिने आधी अर्ज जायला हवा. अर्ज पोचल्याचा पुरावा जपा. काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचे पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी. ती घरामागे एकच असते, म्हणून खोली वाटून राहत असाल तर कोण भरतो ते ठरवून इतरांनी त्याचा क्रमांक कळवावा.

मूल सहा वर्षांचे ३० जूनपर्यंत होत असेल तर सप्टेंबरमध्ये शाळा सक्तीची आहे. उन्हाळी सुट्टी इथे जुलैअखेर ते साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत असते, त्या काळात शाळेचे कार्यालय बहुधा बंद मिळते. बालवाडीच्या रांगेत नाव पत्ता नोंदवल्याच्या दिवशीच घाला.

पायरी ७: प्रवास आणि शेजार

जर्मनी-तिकीट जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे. देशभरच्या बस, ट्राम, एस-बान आणि प्रादेशिक गाड्यांत चालते. आयसीई, आयसी या जलद गाड्यांत सहसा चालत नाही, आणि तिथे पकडले गेल्यास दंड होतो. मानहाइम ते श्टुटगार्ट आयसीईने पाऊण तासाच्या आत, प्रादेशिक गाडीने त्याच्या दुप्पट किंवा जास्त. तिकीट पुढच्या महिन्यासाठी नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावे लागते. विद्यार्थ्यांना आणि तरुणांना या राज्यात स्वस्त वेगळे तिकीट आहे, ते आधी विचारा. एका भागापुरता पास घेणार असाल तर परिवहन मंडळांच्या हद्दी बघा: श्टुटगार्टला व्हीव्हीएस, कार्ल्सरुहेला केव्हीव्ही, मानहाइम-हायडेलबर्गला व्हीआरएन, ट्युबिंगनला नाल्डो. एकाचा पास दुसऱ्याच्या हद्दीत आपोआप चालत नाही.

श्वाबियन भागात 'केअरवोखे' असते, जिना आणि फाटकापुढची जागा झाडण्याची पाळी. दारावर पाटी लटकली की तो आठवडा तुमचा. ही पाळी चुकली की शेजारी बोलत नाहीत, पण मालकाला कळवतात. बर्फ पडला तर सकाळी लवकर रस्ता मोकळा करणेही त्यात येऊ शकते. करारात लिहिलेले असते, वाचून घ्या.

रविवारी दुकाने बंद. सार्वजनिक सुट्ट्या या राज्यात १२ आहेत. त्यांत ६ जानेवारी, जूनच्या आसपासचा फ्रोनलाइखनाम हा ख्रिस्ती सण आणि १ नोव्हेंबर हे दिवस अनेक राज्यांत नसतात, त्यामुळे उत्तरेकडच्या मित्राच्या कॅलेंडरवर विसंबू नका. बाटल्या फेकू नका, त्यांवरची अनामत परत मिळते: प्लॅस्टिकची एकदा वापरायची बाटली आणि पेयाचा डबा २५ सेंट, बिअरची काचेची बाटली साधारण ८ सेंट, दुकानातल्या यंत्रात घालून चिठ्ठी घ्यायची. कचऱ्याचे डबे आणि नियम जिल्ह्यागणिक वेगळे, म्हणून नोंदणीच्या वेळीच कचरा दिनदर्शिका मागून घ्या.

शाकाहारी माणसाने माउलताशेन ही भरलेली पोळी खाण्याआधी विचारावे, पारंपरिक सारणात मांस असते. चीज घातलेले श्पेट्झले चालते, मात्र तळलेल्या कांद्याबरोबर खारवलेले डुकराचे तुकडे येतात का ते विचारा.

भारतीय वाहन परवाना राहायला आल्यापासून सहा महिने चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. गाडीवाचून चालत नाही अशा गावात नोकरी असेल तर दुसऱ्या महिन्यातच ड्रायव्हिंग शाळेत नाव घाला. डोळे तपासल्याचा दाखला, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग आणि भारतीय परवान्याचे भाषांतर लागते, कार्यालयाकडून परीक्षेची मंजुरी यायला कित्येक आठवडे जातात. सहा महिने आणि एक दिवस झाल्यावर जुन्या परवान्यावर गाडी चालवणे हा विनापरवाना गाडी चालवण्याचा गुन्हा ठरतो.